भिंतीवरून दालनात

न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात, उन्नत रेल्वेमार्गालगत, एक जुनी कारखान्याची इमारत होती. 'फाइव्ह पॉइंट्झ' या नावाने ती जगभर ओळखली जाई. तिच्या भिंतींवर तळापासून गच्चीपर्यंत रंगीत चित्रे आणि अक्षरे होती. मालकाच्या परवानगीनेच ती काढलेली होती आणि ती पाहायला परदेशातून पर्यटक येत. १९ नोव्हेंबर २०१३ च्या सकाळी मात्र त्या बाजूने गेलेल्या आगगाडीच्या प्रवाशांना तिथे वेगळेच दृश्य दिसले. रातोरात कुणीतरी सगळ्या चित्रांवर पांढरा रंग फासला होता. इमारत पाडून तिथे उंच निवासी मनोरे बांधायचे होते. चित्रकारांनी न्यायालयात धाव घेतली होती, तो वाद पुरता मिटण्याआधीच मालकाने रंगाच्या बादल्या आणवल्या.

यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. ४ फेब्रुवारी २०१४ रोजी त्याच शहरात, फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या 'म्युझियम ऑफ द सिटी ऑफ न्यू यॉर्क' या संग्रहालयात एक प्रदर्शन उघडले. त्याचे नाव 'सिटी अॅज कॅनव्हास'. म्हणजे शहर हाच चित्रफलक. क्वीन्समध्ये जी कला पांढऱ्या रंगाखाली गेली, तिचेच जुने नमुने इथे चौकटीत बसवून, प्रत्येकावर मंद दिव्याचा झोत सोडून, शेजारी कलावंताच्या नावाची पट्टी लावून मांडले होते.

एकाच शहरात, एकाच हिवाळ्यात, एकाच कलेला मिळालेल्या या दोन वागणुका. यांतली खरी कोणती, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर शोधायचे तर त्या प्रदर्शनातली चित्रे पाहावी लागतात. त्याहीपेक्षा ती चित्रे तिथवर पोहोचवणाऱ्या माणसाची ओळख करून घ्यावी लागते.

नाव लिहिण्याचे वेड

ग्राफिटी हा शब्द मराठी वाचकाला वर्तमानपत्रांतल्या चटकदार एकोळींमुळे परिचित झाला. न्यू यॉर्कची ग्राफिटी निराळी. तिच्यात विनोद नव्हता, सुविचार नव्हता. होते ते फक्त नाव. ही मुले स्वतःला चित्रकार म्हणवीत नसत. ती स्वतःला 'रायटर', म्हणजे लिहिणारे, म्हणत.

१९७० च्या सुमारास शहरात जागोजागी 'टाकी १८३' अशी अक्षरे दिसू लागली. टाकी हे एका ग्रीक वंशाच्या मुलाचे घरगुती नाव आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. निरोप्याचे काम करता करता तो शहरभर हिंडे आणि जाईल तिथे जाड मार्करने नाव लिही. २१ जुलै १९७१ रोजी 'न्यू यॉर्क टाइम्स'ने त्याच्यावर बातमी छापली. झाले! एक मुलगा नुसते नाव लिहून वर्तमानपत्रात येऊ शकतो, हे शेकडो मुलांना कळले.

ही मुले बहुतेक गरीब वस्त्यांतली. कुणी कृष्णवर्णीय, कुणी पोर्तो रिको बेटावरून आलेल्या कुटुंबांतले, कुणी गोरे. त्या काळात शहराची तिजोरी रिकामी झाली होती. ब्राँक्समध्ये घरे ओस पडत होती, जळत होती. अशा ठिकाणी वाढणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला 'मीही आहे' असे सांगायला भुयारी रेल्वेचा डबा मिळाला. भिंत एका जागी उभी राहते, डबा मात्र ब्राँक्सपासून ब्रुकलिनपर्यंत नाव मिरवत नेतो.

हळूहळू मार्करची जागा फवाऱ्याच्या रंगाच्या डब्याने घेतली. डब्याच्या तोंडाची टोपी बदलली की रेघ जाड किंवा बारीक होते, ही युक्ती सापडली. साध्या सहीला 'टॅग' म्हणत, मोठ्या रंगीत चित्राला 'पीस'. अक्षरे एकमेकांत इतकी गुंतवायची की बाहेरच्याला वाचताच येऊ नयेत, अशी 'वाइल्ड स्टाइल' नावाची शैली निघाली. रात्री कारशेडच्या कुंपणातून आत शिरायचे, वीज वाहणाऱ्या तिसऱ्या रुळापासून पाय जपायचे, पहारेकऱ्याचा कानोसा घ्यायचा आणि उजाडण्यापूर्वी पूर्ण डबा रंगवून बाहेर पडायचे. रंगाचे डबेही पुष्कळदा दुकानातून लांबवलेले असत.

हे सगळे वाचताना कौतुक वाटेल, पण रोज त्या गाडीने कामाला जाणाऱ्या माणसाचे काय? त्याच्या डब्याची खिडकी रंगाने बंद झालेली, आतला नकाशा सह्यांखाली दिसेनासा झालेला. आपल्या शहरात कुणाचा कुणाला धरबंध उरलेला नाही, अशी भीती त्याला वाटत असे. ती भीतीही खोटी नव्हती. कारशेडांभोवती दुहेरी कुंपणे आणि पहाऱ्याला कुत्री आली. १९८४ मध्ये रेल्वेने नियम केला, की एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगवला गेला तर तो पुसल्याशिवाय प्रवाशांसाठी सोडायचा नाही. आपले चित्र कुणाच्या दृष्टीस पडणारच नसेल तर ते काढायचे कशाला? १२ मे १९८९ रोजी रेल्वेने जाहीर केले की रंगवलेला शेवटचा डबाही सेवेतून निघाला.

दुकानातला माणूस

या मुलांची चित्रे दालनात नेण्याचे प्रयत्न फार लवकर सुरू झाले होते. १९७३ मध्येच न्यू यॉर्कच्या रेझर गॅलरीत त्यांचे प्रदर्शन भरले. १९७९ मध्ये ली किन्योनेस हा तरुण रायटर आपल्या मित्रासह थेट रोमच्या एका गॅलरीत पोहोचला. १९८१ मध्ये 'फन गॅलरी' निघाली. १९८३ च्या डिसेंबरात तर ज्या सिडनी जॅनिस गॅलरीने एकेकाळी माँड्रिआन आणि पोलॉक मांडले होते, तिने या मुलांचे कॅनव्हास भिंतीवर चढवले. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली, संग्राहकांच्या मोटारी दाराशी आल्या. दोनतीन वर्षे हा झगमगाट टिकला. मग बाजाराची हौस फिटली आणि मोटारी दुसरीकडे वळल्या. वीस-बावीस वर्षांची ही पोरे कॅनव्हासच्या गुंडाळ्या घेऊन घरी परतली.

नेमक्या या काळात त्यांच्या बाजूने उभा राहिला तो मार्टिन वाँग. १९४६ साली जन्मलेला, सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला हा चिनी वंशाचा अमेरिकन चित्रकार १९७८ मध्ये न्यू यॉर्कला आला. शिक्षण मातीकामाचे, चित्रकला स्वतःची स्वतः शिकलेली. लोअर ईस्ट साइड या मोडकळीला आलेल्या वस्तीत तो राहू लागला आणि समोर दिसणाऱ्या विटांच्या इमारती रंगवू लागला. विटांवर त्याचे विलक्षण प्रेम. एकेक वीट तो वेगळी रंगवी. वस्तीतल्या एका खेळाच्या मैदानाची भिंत, तिच्यावरच्या ग्राफिटीसकट, त्याने १९८२ ते ८४ या काळात रंगवली. ते चित्र आज मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहात आहे.

पोटासाठी मात्र तो कॅनॉल स्ट्रीटवरच्या 'पर्ल पेंट' या रंगसाहित्याच्या मोठ्या दुकानात नोकरी करी. रायटर मुले तिथे रंग घ्यायला येत. दुकानात अशी मुले आली की नोकराची नजर त्यांच्या खिशांवर असायची, ही जगाची रीत. वाँगची नजर त्यांच्या काखेतल्या वह्यांवर गेली. त्याने त्या पाहायला मागितल्या, चित्रांविषयी विचारले, मैत्री केली. मग तो ती चित्रे घेऊ लागला; काही विकत, काही अदलाबदलीने. तो श्रीमंत संग्राहक नव्हता. बाजार तेजीत असतानाही तो घेत होता आणि बाजार उठल्यावरही घेतच राहिला.

१९८९ मध्ये, म्हणजे रेल्वेतला शेवटचा रंगीत डबा निघाला त्याच वर्षी, वाँगने बाँड स्ट्रीटवर एका घरात 'म्युझियम ऑफ अमेरिकन ग्राफिटी' उघडले. ते फार काळ चालले नाही. पुढे त्याला एड्सने गाठले. त्या काळात या रोगावर आजच्यासारखे उपचार नव्हते. आपल्यामागे या चित्रांचे काय होणार, ही चिंता त्याला लागली. विकली असती तर ती शंभर हातांत पांगली असती. १९९४ मध्ये त्याने तीनशेहून अधिक कामांचा आपला सगळा संग्रह शहराच्या संग्रहालयाला देऊन टाकला आणि तो सॅन फ्रान्सिस्कोला आईवडिलांकडे परतला. १९९९ मध्ये तो गेला. वीस वर्षे बहुतांशी गोदामात राहिलेला तो संग्रह २०१४ मध्ये लोकांपुढे आला, तेच हे प्रदर्शन.

दालनात काय होते?

प्रदर्शनात शंभराहून अधिक वस्तू होत्या. कीथ हेरिंग, फ्युचुरा २०००, डेझ यांसारखी आज नावाजलेली मंडळी होती आणि बाहेर कुणाला ठाऊक नसलेलेही होते. पण थांबून पाहावे अशा गोष्टींत सर्वांत साध्या होत्या त्या वह्या. काळ्या पुठ्ठ्याच्या म्हणून त्यांना 'ब्लॅक बुक' म्हणत. डबा रंगवण्याआधी अक्षरांची जुळणी या वहीत करून पाहायची, रंग ठरवायचे, आणि दुसरा रायटर भेटला की त्याच्याकडून एक पान भरून घ्यायचे. शाळा सुटताना आपण ज्या हौसेने मित्रमैत्रिणींच्या स्वाक्षऱ्या घेतो, तीच ही हौस. विकेड गॅरी या रायटरने तर १९७० ते ७२ या काळात जमवलेल्या सह्याच तिथे मांडलेल्या होत्या. डबे धुतले गेले, भिंती रंगवल्या गेल्या. हाताचे पहिले वळण राहिले ते कागदावर.

लेडी पिंक या चित्रकर्तीचे 'द डेथ ऑफ ग्राफिटी' हे १९८२ चे चित्र तिथे होते. सँड्रा फबारा हे तिचे खरे नाव. जन्म इक्वेडोरचा, वाढली क्वीन्समध्ये. १९७९ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, तिने लिहायला सुरुवात केली. मुलांच्या या जगात एकटीदुकटी मुलगी. रात्री कारशेडमध्ये जाणे तिला किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. या चित्रात रिकाम्या रंगडब्यांच्या ढिगावर एक स्त्री उभी आहे आणि ती समोरच्या रेल्वेगाडीकडे बोट दाखवते आहे. गाडीचा एक भाग चित्रांनी भरलेला, दुसरा पांढराशुभ्र. चित्र काढले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. शेवटचा डबा धुतला जायला अजून सात वर्षे होती, पण आपल्या कलेचा शेवट तिला दिसू लागला होता.

ली किन्योनेसने १९७८ मध्ये एका शाळेजवळच्या हँडबॉलच्या भिंतीवर एका बदकाचे भलेमोठे चित्र काढले होते. ग्राफिटी ही कला आहे आणि कला हा गुन्हा असेल तर देवाने सर्वांनाच क्षमा करावी, अशा अर्थाचे शब्द त्याने त्यात लिहिले. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याने तेच चित्र कॅनव्हासवर तैलरंगात उतरवले. प्रदर्शनात होते ते हे दुसरे चित्र. उघड्या भिंतीवरचा रंग ऊनपावसात टिकत नाही, हे एव्हाना त्यालाही कळले असावे.

या चित्रांच्या सोबतीला छायाचित्रे होती. मार्था कूपर आणि हेन्री चॅल्फंट यांनी त्या काळात धावत्या गाड्यांची छायाचित्रे टिपून ठेवली नसती, तर पूर्ण रंगवलेला डबा कसा दिसे हे आज कुणालाच सांगता आले नसते. कॅनव्हासपुढे उभे राहिल्यावर एक उणीव मात्र जाणवल्याशिवाय राहत नाही. चित्र तेच, पण ते आता धावत नाही. फलाटावर उभ्या असलेल्या माणसासमोरून ते क्षणभर झळकून जाई, तो क्षण कुठल्याही दालनाला आणता येणार नाही.

तीच रेघ, दोन न्याय

१९८३ हे साल या बाबतीत विसरण्यासारखे नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरात सिडनी जॅनिस गॅलरीत ही चित्रे मांडली जात होती. त्याच्या अडीच महिने आधी, १५ सप्टेंबरच्या पहाटे, मायकेल स्टुअर्ट या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला फर्स्ट अॅव्हेन्यू स्थानकावर भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पोलिसांनी पकडले. पोलिसांच्या ताब्यातून तो रुग्णालयात आणला गेला तो बेशुद्धावस्थेत. २८ सप्टेंबरला त्याचा मृत्यू झाला. खटला चालला आणि १९८५ मध्ये सहाही पोलिसांची निर्दोष सुटका झाली.

ज्याँ-मिशेल बास्किया हा तरुण चित्रकार या बातमीने हादरला. तोही कृष्णवर्णीय, आणि काही वर्षांपूर्वी तोही भिंतींवर लिहीत हिंडला होता. कीथ हेरिंगच्या स्टुडिओच्या भिंतीवर त्याने एक चित्र काढले : दोन पोलिस आणि त्यांच्यामध्ये एक काळी आकृती. हेरिंगने पुढे तो तुकडा भिंतीतून कापून घेतला, चौकटीत बसवला आणि आपल्या पलंगाच्या वर लावला. बास्किया १९८८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला, हेरिंग १९९० मध्ये एकतिसाव्या. २०१९ मध्ये गुगेनहाइम संग्रहालयाने त्या एका चित्राभोवती प्रदर्शन भरवले. मधल्या काळात, २०१७ मध्ये, बास्कियाचे दुसरे एक चित्र लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरला विकले गेले होते.

फाइव्ह पॉइंट्झचा खटलाही पुढे चालला. अमेरिकेत १९९० चा एक कायदा आहे. मान्यताप्राप्त दर्जाची कलाकृती, ती दुसऱ्याच्या मालकीची असली तरी, कलावंताला न विचारता नष्ट करता येत नाही, असे त्याचे सार. २०१८ मध्ये न्यायालयाने एकवीस चित्रकारांना ६७ लाख ५० हजार डॉलरची भरपाई मंजूर केली आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम केली. चित्रे अर्थातच परत आली नाहीत. पण भिंतीवरचे चित्रही कला असू शकते, हे कायद्याच्या भाषेत नोंदले गेले.

आपल्या भिंती

भिंत सोडून कागदावर येणे आपल्याकडेही घडले आहे. वारली घरांच्या कुडाच्या भिंतीवर गेरूचा हात देऊन, तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या सुवासिनी करीत आल्या. तोही 'काढायचा' नसतो, 'लिहायचा' असतो! १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी तिथे कागद आणि रंग नेले आणि जिव्या सोमा मशे यांची चित्रे पुढे मुंबईच्या दालनांत पोहोचली. तिथेही एका चित्रकाराची नजर कामी आली. फरक इतकाच, की वारली भिंत स्वतःच्या घराची होती आणि तिच्यावरचे चित्र सगळ्या पाड्याच्या आनंदाचे होते. न्यू यॉर्कच्या मुलांना स्वतःची म्हणावी अशी भिंतच नव्हती.

गेल्या काही वर्षांत दिल्लीची लोधी कॉलनी भित्तिचित्रांनी सजली. २०१७ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ससून डॉकमध्ये, १८७५ सालच्या त्या जुन्या मासळी धक्क्यावर, चित्रांचे आणि मांडणीशिल्पांचे मोठे प्रदर्शन भरले. कोळी बांधवांचे चेहरे तिथे भिंतीएवढे झाले. हे सगळे परवानगीने, मान्यवरांच्या उपस्थितीत झाले. चांगलेच झाले. मात्र परवानगीची भिंत आणि चोरून रंगवलेला डबा यांत जे अंतर आहे ते पुसता येत नाही. कुणाच्याही भिंतीवर कुणीही काहीही लिहावे, असे कुणी म्हणणार नाही. मुतारीच्या आडोशाला लिहिलेली घाण आणि किल्ल्याच्या दगडावर कोरलेली प्रेमिकांची नावे आपण पाहतोच. त्यांना कला म्हणण्याची गरज नाही.

मग कला कशाला म्हणायचे? मार्टिन वाँगने त्याची व्याख्या केली नाही. मुलांनी वह्या उघडल्या तेव्हा त्याने त्यांचे एकेक पान नीट पाहिले, एवढेच. अनुभवी दलालांना जे दोन-तीन वर्षांत जुने वाटू लागले, ते त्याने मरणाच्या दारापर्यंत सांभाळले. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याच संग्रहालयाने त्याच्या संग्रहाचे आणखी एक प्रदर्शन उघडले. तोवर ती मुले साठीत पोहोचली होती. त्यांतली कित्येक आजही चित्रे काढतात आणि लेडी पिंक त्यांतलीच एक.

आपल्या घरातही वहीच्या मागच्या पानावर अक्षरे वळवून वळवून स्वतःचे नाव लिहिणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असते. वही खराब केली म्हणून आपण रागावतो. रागवायला हरकत नाही. पण रागावण्याआधी ते पान एकदा नीट पाहावे.